घरची झोप

सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि तीनशे बारा बायका गाढ झोपल्या होत्या.

ॲड. हेमलता दाभाडे यांनी सव्वीस वर्षांच्या वकिलीत वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतले नाना तऱ्हेचे कारखाने पालथे घातले होते. कारखाना म्हटला की गोंगाट आलाच, अशी त्यांची समजूत होती. 'अविरत' कंपनीच्या या निद्राशाळेत मात्र स्वतःच्या चपलांचा आवाजसुद्धा त्यांना आगाऊपणा वाटू लागला. लांबच लांब दालन, निळसर अंधूक उजेड, खाटांच्या ओळी. प्रत्येक बाईच्या उजव्या कानामागे नखाएवढी काचेची कुपी होती आणि तिच्यात फिकट पिवळा रस थेंबाथेंबाने जमत होता.

"सगळ्या डाव्याच कुशीवर कशा?" हेमलताबाईंनी हळूच विचारलं.

"नियम आहे तसा," डॉ. आठल्ये म्हणाले. निद्रांतरणाचं तंत्र त्यांनीच शोधून काढलेलं. न्यायालयाने जागेची पाहणी करायचा हुकूम दिला होता, म्हणून ते बाईंना सगळं दाखवत होते. माणूस सरळ होता, विचारलेल्याचं उत्तर लपवत नव्हता. "झोपेत मेंदू स्वतःला धुऊन काढतो. दिवसभरात साचलेला मळ वाहून नेणारा हा रस, आम्ही त्याला सुषुप्तिरस म्हणतो. कानामागे बसवलेली ग्रंथी तो बाहेर वळवते. समोरच्या इमारतीत मालवाहू विमानांचे नियंत्रक बसतात. त्यांना तो टोचला की वीस मिनिटांत आठ तासांची झोप झाल्यासारखी वाटते. महिनोन् महिने झोपत नाहीत ते."

"आणि या बायकांचं काय?"

"रस इथून बाहेर गेला, म्हणजे यांचा मेंदू धुतला जात नाही. झोपताना जितक्या दमलेल्या असतात, तितक्याच दमून उठतात. म्हणून यांना घरी जाऊन पुन्हा झोपावं लागतं. घरी ग्रंथी मंदावते. दहातला एक हिस्सा तेवढा कुपीत झिरपतो, बाकी नऊ हिस्से यांचे."

"घरी झोपच मिळाली नाही तर?"

"एकवीस दिवस. तेवढे दिवस स्वतःची झोप बंद झाली, मधे एखादी डुलकी मिळाली तरी, तर जी आठवण पुसली जाते ती परत येत नाही."

तेवढ्यात घंटा झाली आणि एकेक बाई उठून बसू लागली. तिसऱ्या ओळीतली अनसूया डोईफोडे डोळे चोळत हेमलताबाईंकडे आली. बायकांनी कंपनीवर लावलेल्या दाव्यात पहिलं नाव तिचंच होतं. बारा तास झोपून उठलेल्या त्या बाईचा चेहरा बारा तास ऊसतोड केल्यासारखा दिसत होता.

"वकीलताई, आता घरी जाऊन सैपाक, धुणं, मग तीन तास पडायचं, की पुन्हा हितं. परवा लेकीला हाक मारायला गेले तर नाव जिभंवर यीना. तिच्या दप्तरावर वाचलं, तवा कळलं, मुक्ता." ती ओशाळून हसली. "मला दुसरं काई नको. घरची झोप मिळू द्या, बस."

आठ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, असा कायदा होताच. पण तो कामगारांसाठी. कंपनीच्या दप्तरी या बायका कामगार नव्हत्या. त्या 'निद्रासेविका' होत्या, त्यांना पगार नव्हता, 'मानधन' होतं. सेविका म्हटलं आणि मानधन दिलं की माणसाला कितीही पिळता येतं, हा शोध काही डॉ. आठल्यांचा नव्हता. तो आपल्याकडे फार जुना आहे.

शिवाय दिवसांची मेख होती. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की कामगाराची सेवा अखंड धरली जाते आणि मग त्याला सहजासहजी काढता येत नाही. म्हणून दोनशे पस्तिसावा दिवस भरला की कंपनी सेविकेला घरी बसवायची आणि नवं वर्ष लागलं की पुन्हा बोलवायची.

न्यायालयात कंपनीचे विधी अधिकारी प्रभुणे उभे राहिले ते हसतच. "झोप हे काम कसं असेल, महाराज? कामावर झोपला म्हणून लोकांना काढतात. इथे झोपणं हेच काम म्हणायचं?" सगळं न्यायालय हसलं.

हेमलताबाईंनी एक कागद पुढे केला. कंपनीने अनसूयेला दिलेला मेमो होता तो: सत्रात स्वप्न पाहिल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. स्वप्नाने रस गढूळ होतो म्हणे. खाली अनसूयेचा खुलासा होता: 'गावाकडची म्हैस दिसली. परत दिसणार नाही.'

"कोणत्या कुशीवर झोपायचं आणि काय पाहायचं नाही, हे जो ठरवतो तो मालकच," बाई म्हणाल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

राहिले दोनशे चाळीस दिवस. तिथे हेमलताबाईंनी जो डाव टाकला त्याचा त्यांना स्वतःलाच फार अभिमान वाटला. सेविकेला घरी बसवलं तरी दर आठवड्याला कंपनीचा माणूस तिच्या घरी येऊन कुपी बदलून नेत असे, हे त्यांनी शोधून काढलं होतं. घरच्या झोपेतून झिरपणारा तो दहावा हिस्साही कंपनी वापरत होती! मग घरची झोपही कामच नाही का? ते दिवस धरले तर दोनशे चाळीस कधीच भरले होते. "ग्रंथीला शाळा कळत नाही आणि घरही कळत नाही," बाईंचा आवाज टिपेला पोचला होता. "सेविकेची झोप ही एकच अखंड उत्पादक क्रिया आहे. ती कुठे झोपली याने फरक पडत नाही."

प्रभुण्यांनी या मुद्द्याला फारसा विरोध केला नाही. ते बाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं.

न्यायाधीशांनी बाईंचं ते वाक्य जसंच्या तसं निकालात उतरवलं. तीनशे बारा जणी कायम झाल्या. आठ तासांची मर्यादा लागू झाली, आणि मर्यादा ओलांडली तर मालकावर फौजदारी. अनसूयेने मुक्ताला पाठवून पेढे आणवले आणि न्यायालयाच्या शिपायापासून प्रभुण्यांपर्यंत सगळ्यांना वाटले. प्रभुण्यांनी दोन घेतले.

डॉ. आठल्ये तेवढे पेढा हातात धरून उभे होते. "बाई, घरच्या झोपेतले नऊ हिस्से त्यांचे स्वतःचे होते," ते पुटपुटले. "ते निकालात कुठे दिसत नाहीत." बाई विजयाच्या भरात होत्या. शास्त्रज्ञांना कायद्यातलं काय कळतं, असं मनाशी म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

दोन आठवडेही झाले नसतील, भर दुपारी अनसूया त्यांच्या कचेरीत आली. तिच्या मनगटात राखाडी रंगाचं कडं होतं. बाकावर टेकताच तिचे डोळे मिटले आणि त्याच क्षणी कडं घुरघुरलं. ती दचकून उठली.

"हे काय?"

"जागृतीकडं म्हन्त्यात. निघत न्हाई. शाळंत आठ तास झोपून आले, की दिवसभर झोपू देत न्हाई हे. चार दिस झाले. डोळा लागला की डंख मारतंय." तिने हात पुढे केला. मनगट काळंनिळं झालं होतं. "वकीलताई, आपन जिंकलो न्हवं? मग माझी घरची झोप कुठं गेली?"

हेमलताबाई तडक कंपनीत गेल्या. प्रभुण्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

"तुमचाच निकाल आहे, मॅडम. घरची झोप हे काम. आठ तास काम शाळेत झालं. त्यानंतर तिने घरी मिनिटभर जरी झोप घेतली, तरी मर्यादा ओलांडली, आणि तुरुंगात आम्ही जायचं. कायदा आम्ही काटेकोर पाळतोय."

"आठ तासांतले चार शाळेत द्या, चार घरी द्या!"

"कामाची जागा आणि वेळ ठरवणं मालकाच्या हातात असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत दहाच्या दहा हिस्से मिळतात, घरी एक. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी पुन्हा न्यायालयात जाईन. घरची झोप काम नाही, असा अर्ज करीन."

"अवश्य करा. आम्ही हरकत घेणार नाही." प्रभुणे चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "ते मान्य झालं की दोनशे चाळीस दिवस उरत नाहीत. तीनशे बारा जणी त्याच दिवशी घरी, आणि नव्या भरतीत त्यांचं नाव नसेल. घेता त्यांची संमती?"

बाईंनी सगळ्यांची सभा बोलावली. शंभरेक आल्या. निम्म्या म्हणाल्या, कायम नोकरी सोडायची नाही. उरलेल्यांपैकी कित्येकींना सभा कशासाठी आहे हे दोनदोनदा सांगावं लागलं. बाकांवरून कडी घुरघुरत राहिली. काहीच ठरलं नाही.

"मी राजीनामाच देते," अनसूया म्हणाली.

हेमलताबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. सेविका होती तेव्हा अनसूया कोणत्याही दिवशी उठून चालू पडू शकत होती. कायम कामगाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ती संपेपर्यंत ग्रंथीही निघणार नव्हती, कडंही निघणार नव्हतं. अनसूयेचा तो सहावा दिवस होता. सहा आणि तीस, छत्तीस. डॉक्टर एकवीस म्हणाले होते.

आठव्या दिवशी अनसूयेला आरोपपत्र मिळालं. आईचे हाल बघवेनात म्हणून मुक्ताने डब्याची चकचकीत फॉईल कड्याखाली गुंडाळली होती आणि आई दोन तास चाळीस मिनिटं झोपली होती. कंपनीला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिला नवं, घट्ट बसणारं कडं घातलं गेलं. आरोप होता: 'राहत्या घरी, परवानगीशिवाय, दोन तास चाळीस मिनिटे काम केले.' खाली आधारासाठी हेमलताबाईंचंच वाक्य छापलं होतं.

ते वाचता वाचता बाईंना एकदम वाट दिसली. बडतर्फी! बडतर्फीला नोटीस लागत नाही. ज्या दिवशी हुकूम, त्याच दिवशी माणूस कामगार राहत नाही, मग कडं ठेवायला कंपनीला आधारच उरत नाही. सव्वीस वर्षं माणसांना बडतर्फीपासून वाचवण्यात घालवलेली ही बाई त्या दिवशी कंपनीच्या अंतर्गत चौकशीत उभी राहिली आणि म्हणाली, "आरोप पूर्ण कबूल आहे. गैरवर्तन अत्यंत गंभीर आहे. पुन्हा संधी मिळाली तर ती पुन्हा झोपेल. तिला ताबडतोब काढून टाकावं."

चौकशी अधिकाऱ्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. असा बचाव त्याने आजवर ऐकला नव्हता. निर्णय राखून ठेवतो, म्हणाला. हेमलताबाई रोज फोन करत होत्या. पूर्वी चौकशा लांबवायला त्यांनी जेवढ्या तारखा घेतल्या असतील, तेवढ्या वेळा त्यांनी घाई करा म्हणून विनवलं. दहावा दिवस गेला, पंधरावा गेला. अनसूया गॅस पेटवायची आणि कशासाठी पेटवला ते विसरायची. हेमलताबाईंना स्वतःलाही आता रात्री धड झोप लागत नव्हती, आणि आपल्याला निदान झोपायची मुभा तरी आहे, या विचाराने त्यांना लाज वाटायची.

हुकूम बाविसाव्या दिवशी आला. मुक्ता आईला हाताला धरून कचेरीत घेऊन आली आणि दारातच थांबली. हेमलताबाईंनी पाकीट फोडलं.

'आरोप सिद्ध झाला आहे. तथापि, दीर्घ आणि निष्कलंक सेवा असलेल्या कामगारास एका चुकीसाठी बडतर्फ करणे ही अपराधाच्या मानाने फार कठोर शिक्षा ठरते, असे ॲड. दाभाडे यांनीच चालवलेल्या पूर्वीच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले आहे. सबब, सक्त ताकीद देऊन श्रीमती अनसूया डोईफोडे यांना सेवेत कायम ठेवण्यात येत आहे.'

ते प्रकरण बाईंना चांगलं आठवत होतं. त्यांनी जिंकलेलं ते पहिलंच. कागद हातात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या. रडूही येईना.

अनसूयेने तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. बोट फिरवत शेवटची ओळ तिने दोनदा वाचली आणि तिचा ओढलेला चेहरा उजळला.

"कायम ठिवलं म्हंजी! आपन जिंकलो की, वकीलताई!" कडं घुरघुरलं, तिने हात झटकला. "पेढे आनाया पायजेत. त्या पोरीला सांगते." ती दाराकडे वळली, थबकली, आणि हसऱ्या तोंडाने पुन्हा बाईंकडे पाहू लागली. "लई गुनाची दिसती. तिला काय म्हनून हाक मारू?"

मुक्तानेच पुढे होऊन आपलं नाव सांगितलं.