बद्द वाजलेलं नाणं

यातला एक शब्दही खोटा नाही. पटत नसेल तर नका वाचू, मी काही हातापाया पडायला आलेलो नाही.

भुतं रात्रीच येतात म्हणे. कोण म्हणतं?

हे भरदुपारी झालं. गेल्या उन्हाळ्यात. माझ्या मामाच्या चांदीच्या दुकानात, समोर रस्ता वाहत असताना.

मामा म्हणजे तोंडाचा पट्टा. गिऱ्हाईक दारात दिसलं की सुरू. दुकान चांदीवर कमी, त्याच्या जिभेवर जास्त चालायचं. आणि एक हातचलाखी होती त्याची. कोणी जुनं नाणं विकायला आणलं की काचेवर वाजवायचा आणि हळूच करंगळी टेकवायचा. आवाज तिथेच मरायचा. मग तोंड वाकडं करून, "बद्द वाजतंय हो. भेसळ आहे." गिऱ्हाईक गपगुमान पडेल भावात देऊन जायचं.

त्या दुपारी मागच्या गल्लीतली एक म्हातारी आली. मूठ उघडली.

चांदीचं नाणं. एका बाजूला मनोरा, दुसऱ्या बाजूला जुना मायक्रोफोन. देशाच्या रेडिओला इतकी वर्षं झाली म्हणून काढलेलं.

"आमच्या ह्यांना मिळालेलं," म्हातारी म्हणाली. "रेडिओवर बातम्या वाचायचे. रोज सकाळी हे कानाशी वाजवायचे, त्याच्या सुरात आवाज लावायचे, मगच घराबाहेर. गेले आता."

"बरं बरं. बघू."

"वाजवा. पण कसं वाजलं ते खरं सांगा. त्यांना खोटं खपायचं नाही."

मामाने टिचकी मारली.

असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. स्वच्छ... लांब... थांबेचना.

त्याने करंगळी टेकवली.

"बद्द वाजतंय, आजी."

म्हातारी बघत राहिली. "परत सांगा."

"अहो बद्द म्हणजे बद्द! कान गेलेत का?"

"माझे नाही गेले."

नाणं तिथेच ठेवून ती चालती झाली.

मामा खूश. फुकटात चांदी!

मग त्याच्या लक्षात आलं...

पंखा फिरतोय. घरघर नाही.

घड्याळाचा काटा पळतोय. टिकटिक नाही.

समोर गॅरेजवाला पत्र्यावर हातोडा घालत होता. हातोडा खाली येत होता... पण नुसताच.

मामाने मामीला हाक मारली. ती आत नळ सोडून भांडी घासत होती. आली नाही. परत मारली. शेवटी दंडाला धरून तिला बाहेर ओढलं.

आणि पंखा, घड्याळ, हातोडा, रस्ता... सगळे आवाज एकदम परत आले.

एकच आला नाही.

"नुसते ओठ काय हलवताय?" मामी खेकसली. "माकडचेष्टा पुरे!"

मामाचं डोकं सटकलं. त्याने नाणं मुशीत टाकलं आणि वरून जाळ धरला. मूस लालभडक झाली. नाणं वितळेना.

मुशीतून कोणीतरी खाकरलं... वाचायला बसण्याआधी खाकरतात तसं.

मग मामाचा आवाज आला. मुशीतून.

"बद्द."

मामीला ती करंगळी ठाऊक होती; काय झालं असेल ते ती समजली. मामा पुढे, ती मागे, दोघं तसेच म्हातारीकडे पळाले.

"एकदा खरं सांगू दे तुमच्या ह्यांना," दारातूनच ती म्हणाली. "आमचे हे सोडतील."

मामाने तोंड उघडलं. नुसती हवा. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. डोळ्यांतून पाणी आलं.

"मी सांगते!" मामी पुढे झाली. "खणखणीत वाजलं! मी ऐकलं ना!"

"तुम्ही ऐकलंत?"

"शप्पथ! माझ्या ह्या कानांनी!"

म्हातारीने मामीकडे बघितलं. दुकानात मामाकडे बघितलं होतं ना, अगदी तसंच.

आणि दार लावून घेतलं.

डॉक्टर म्हणतात, गळ्यात दोष नाही.

मामी रोज सकाळी ते नाणं वाजवते आणि कानाला लावते. नवऱ्याचा आवाज तेवढाच उरलाय. एकच शब्द. मामा तेव्हा मागच्या दाराने निघून जातो.

काल मामीचा माझ्या आईला फोन आला.

"वन्सं, आज त्यात दोघं बोलले."

"दुसरं कोण?"

"बाई आहे कुणीतरी... ओळखीची वाटते. सारखी शप्पथ घेतेय."

आज सकाळपासून आई फोन लावतेय. उचलला जातो.

पलीकडून पंख्याची घरघर येते... घड्याळाची टिकटिक येते...

मामी बोलत नाही.