मायदऱ्याची ओळ

या, असं लांब बसू नका. टाळ ठेवा खाली आणि सतरंजीवर जरा पुढं सरका. देवाचं नाव घेऊन झालं, आता त्याच्याच एका माळाची गोष्ट सांगते. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात संशय फार, हे आधीच सांगून ठेवते.

फलटण सोडून दहिवडीकडं निघालं की ऊस मागं पडतो आणि माळ लागतो. तिथं धनाजी मेंढरं राखायचा. सव्विशीचा, सावळा, बोलायला तिरका. एका सकाळी त्याचं कोकरू कळपातून निसटलं. तो मागं धावला तर ते एका परक्या मुलीसमोर उभं राहून तिनं मोजणीसाठी ठोकलेल्या खुंटीची लाल फीत चघळत होतं.

"तुमचं आहे?" तिनं विचारलं.

"कोकरू माझं. फीत कुणाची?"

"माझी. आजची तिसरी खाल्ली त्यानं."

"मग खुंट्या ठोकायचं बंद करा. पोट तरी बिघडायचं न्हाई त्याचं."

ती हसली नाही, पण ओठांचा कोपरा हलला. धनाजीनं तो पाहिला... आणि पाहिला म्हणून स्वतःवरच चिडला.

समीक्षा तिचं नाव. सांगलीच्या एका संस्थेकडून आलेली. दहा वर्षांनी हा माळ कसा दिसावा, कुठं गवत राखायचं, कुठं झाडं लावायची, कुठं चराई ठेवायची, हे गावानं ठरवायचं आणि तिनं आराखड्यात लिहायचं.

धनाजीच्या बापानं, आकारामनं, हे ऐकून तंबाखू मळता मळता हात थांबवला. "आधी ठरवा म्हणत्यात, मग तार ठोकत्यात. मायदरा दावायचा न्हाई. कुणीबी."

मायदरा म्हणजे माळाच्या कुशीतली घळ. चैत्रात दगड तापतात तेव्हासुद्धा तिथं गवत टिकतं. गाभण मेंढ्या तिथंच वितात. अख्ख्या वाडीचा जीव त्या घळीत.

म्हणून धनाजीनं तिला नेलं ते खडकाळ उतारावर.

"आमी हितंच चारतो."

"काय, दगड?"

"आमची मेंढरं लय कणखर हायती."

"आणि ती खालची घळ?"

"तिकडं कोण फिरकत न्हाई. साप हायती."

"माझी मावशी नागपंचमीच्या शिराळ्याची. सापांची मला सवय आहे," म्हणत ती उतरलीसुद्धा. वर आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. काय उचललं हिनं? विचारावं तर आपणच सापडायचो.

त्या दिवसापासून धनाजी तिच्या मागंमागं राहू लागला. नजर ठेवायला, असं तो बापाला सांगायचा.

"तुमी कवा जाणार, मॅडम?" रोज विचारायचा.

"कंटाळलात का मला?"

"न्हाई... आपलं इचारलं."

एका दुपारी पाऊस आला. धनाजीनं खांद्यावरची घोंगडी पुढं केली. शहरातली पोर, वासानं नाक मुरडणार, म्हणून तो बघत राहिला. तिनं एक कोपरा दुमडला, दुसरा आत खोचला आणि झटक्यात डोक्यावर खोळ घेतली. अगदी त्याची आई घ्यायची तशी.

"ह्ये कुणी शिकवलं तुमाला?"

"पाऊस थांबला बघा," ती म्हणाली.

पाऊस थांबला नव्हता. तिच्या पापणीवर थेंब होता, आणि धनाजीला रात्रभर... काय सांगू, त्याला संशयानं झोप आली नाही असंच तो म्हणतो.

मग देवळात गाव बसलं. समीक्षानं आराखडा वाचला. "मायदरा. चराईच्या वापरात नाही. बाराशे झाडं, भोवती तार." तिनं मान वर केली. "ही ओळ अजून पेन्सिलीत आहे. कुणाला काही सांगायचंय?"

कुणी बोलेना. आकाराम जमिनीकडं बघत होता. धनाजी बापाकडं बघत राहिला. बोलावं तर बाप खोटा पडणार, आणि ही पोरगी पुन्हा तोंड बघणार नाही. गप्प राहावं तर पुढल्या चैत्रात मेंढ्या विणार कुठं?

तो उठला. "मी खोटं बोललो, मॅडम. मायदऱ्यावरच आमी जगतो."

मग आकारामनं मान वर केली. "पोराचा दोष न्हाई, मी बोलाय लावलं."

समीक्षानं पिशवीतून कागदाची पुडी काढून उलगडली. आत मेंढरांच्या सुकल्या लेंड्या. "मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं," ती म्हणाली, आणि बोली एकाएकी त्यांचीच झाली.

"मग लिवलं कशाला तसं?"

"मी खोडलं असतं तर ते माझं ठरवणं झालं असतं, गावाचं न्हाई. जतकडं आमच्या गावात असंच झालं. भिऊन चांगली जागा लपवली, आन् तिथंच तार आली. माझी आई बनाबाई बैठकीत गप्प बसली. मेंढरं इकावी लागली. मरस्तोवर म्हणायची, एकदा उठून बोलाय पायजे हुतं."

तिनं ती ओळ खोडली आणि शाईनं लिहिलं : मायदरा, विणीची जागा, गवतच राखायचं. झाडं ओढ्याच्या काठाला, आणि खडकाळ उताराला दोन वर्षं विसावा.

बैठक उठल्यावर ती पायरीवर थांबली. "आणखी काय काय खोटं बोललात?"

"साप हायती म्हणालो, त्ये."

"आणखी?"

"कवा जाणार म्हणून रोज इचारायचो..." तो घोंगडीची दशी ओढत राहिला. "जावं असं एक दिवसबी वाटलं न्हाई."

तिनं पिशवीतून वही काढली. मग हळूच म्हणाली, "दहा वर्षांनी मी कुठं असावं, ह्ये ठरवलंय का कुणी?"

"हितंच. पर तुमचं तुमी ठरवायचं."

"मग लिवा," तिनं वही पुढं केली. पेन्सिल मात्र पिशवीत टाकली आणि त्याच्या हातात शाईचं पेन दिलं.

झालं. आता आरतीला उठा, पण एक मागणं आहे माझं. कधी त्या बाजूनं गेलात आणि मायदऱ्यात एखादं ओलं कोकरू उभं राहायला धडपडताना दिसलं, तर घडीभर थांबा आणि बनाबाईची आठवण काढा. तिला हे बघायला मिळालं नाही.