जपून उतरवलेला आवाज

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर इस्माईलचाचांच्या कानात बसवलेल्या श्रवणबीजाचा आलेख उमटला आणि डॉ. सुनेत्रा खांबेटेंची मान आपोआप खाली गेली. उतार रेखीव होता. नऊ वर्षांपूर्वी तो त्यांनीच आखला होता.

"मॅडम, यात बिघाड कुठेच नाही," त्यांचा नवा सहकारी यशोधन म्हणाला.

"नाहीच रे. दोन वर्षं झाली की कानातलं बीज दर महिन्याला वरच्या पट्टीतले नाद केसभर कमी करतं. लोकांनी नवं घ्यावं म्हणून कंपनीला ते एकदम बंद पाडायचं होतं. मीच म्हटलं, माणूस दचकेल, हळूहळू उतरू दे. वाटलं, तेवढीच दया."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"मेंदू जुळवून घेतो. लोकांना वाटतं, घरचीच माणसं पुटपुटायला लागलीत."

आता नव्या कायद्यानं पंचवीस वर्षांची देखभाल सक्तीची झाली होती. उतार पुसायचा होता. यादीत पहिलं नाव चाचांचं.

शेजारच्या खोलीत मिरजेचे चाचा स्वतः घडवलेला तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. "ताई, कान बरा झाला की पहिला षड्ज यावरच ऐकणार! हल्ली तारांत झणकारच उरला नाही बघा. तारांखालची घोडी घासून घासून जवारी खुली करतो, तेव्हा कुठं मनासारखं बोलतं. दुकानात सोबत बसणारा धाकटा भाऊ म्हणायचा, भाई, कर्कश होतंय. म्हटलं, तुझे कान किडलेत, दुसरं दुकान बघ! सहा वर्षं झाली, उंबरा चढला नाही."

सुनेत्राबाईंचा हात थबकला. उतार पुसला, तर या माणसाला काय ऐकू येईल ते त्यांना लख्ख कळलं. न पुसावा, तर तेही पापच. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन त्यांनी उतार पुसायची आज्ञा दिली.

चाचांनी तार छेडली. पत्रा खरवडल्यासारखा आवाज खोलीभर झाला. त्यांनी घाईघाईनं तारांवर तळवा ठेवला.

"हे माझ्या हातचं?"

हात जोडून सुनेत्राबाईंनी सगळं सांगितलं, स्वतःच्या दयेसकट. चाचा रागावले नाहीत. रागावते तर बरं, असं बाईंना वाटलं.

"एकदम बंद पडलं असतं ना ताई," ते म्हणाले, "तर मी कानाला दोष दिला असता. तुम्ही जपून उतरवलंत, म्हणून भावाला दिला."