तीन-बाराचा फोटो

फोटोत सखी होती, तिच्या हातात खोका होता, आणि पाच वाजता पोलीस येणार होते. आता साडेचार झाले होते.

"फोटू खोटा बोलंल काय?" राहनाळ गावातल्या गोदामाचे मालक केसरीनाथशेठ म्हणाले. "चाळीस मोबाइलचा खोका गेलाय. पोरगी रडतेय म्हनून आधी तुम्हाला बोलावलं, क्षितिजाताई."

क्षितिजा भोईर खाजगी गुप्तहेर होती आणि फोटोवरून नजर काढत नव्हती. तिला घेऊन आला होता तो तिचा मावसभाऊ भावेश. सखीला इथं कामाला त्यानंच लावलं होतं, म्हणून शेठनी तो फोटो दुपारीच त्याच्या मोबाइलवर पाठवला होता! सखी कोपऱ्यात उकिडवी बसली होती, अंगात हमालांचं केशरी जॅकेट, त्यावर करडे पट्टे. शेठ आणि सुपरवायझर सोडून इथं सगळ्यांना ते घालावंच लागे.

"तीनला लाईट गेली," सुपरवायझर कुणाल सांगू लागला. "मागचं शटर बंद, आत मिट्ट काळोख. ही खोका घेऊन लहान दाराकडे सटकत होती. फ्लॅश मारून फोटो काढला, तीन-बाराला ऑफिसच्या ग्रुपवर टाकला."

"फ्लॅश नक्की?"

"मॅडम, काळोखात फ्लॅशशिवाय फोटो येतो का?"

"मूळ फोटो?"

"उडवला. मेमरी फुल्ल."

सखी पुटपुटली, "सायबानंच सकाली रिटर्नचे खोके टेम्पोत भराया लावले. दुपारी मी तिकरं गेलीच न्हाय."

"घ्या! आता मीच चोर!" कुणाल हसला.

वॉचमन बाळाराम रॅकच्या अंधाऱ्या बोळात भेटला. "मागचं शटर सकालीच उघडतंय," तो म्हणाला. "ऊन थेट आत. टेम्पो गेला की मी कुलूप ठोकतो, ते दुसऱ्या दिशी काढायचं."

भावेशनं रेकॉर्डसाठी फ्लॅश मारून त्याचा फोटो काढला आणि वैतागला. "श्या! जॅकेटचे पट्टे नुसते भगभगलेत, काकांचं तोंडच दिसत नाही. फालतू मोबाइल!"

"डिलीट करू नकोस हां," क्षितिजा म्हणाली. तिचे डोळे लकाकले. भावेशला काही म्हणजे काही कळलं नाही.

पाचला दहा कमी. क्षितिजानं दोन्ही फोटो शेठसमोर धरले.

"मोबाइलचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो. आणि हा पट्टा उजेड जिथून येतो तिकडेच परत फेकतो, म्हणजे थेट लेन्समध्ये. बाळारामकाकांचे पट्टे पेटलेत. सखीचे करडेच!"

"कधीकधी होतं तसं," कुणाल म्हणाला.

"मग सावली बघा. फ्लॅश असता तर ती सखीच्या पाठीमागे लपली असती. इथं ती रॅकवर लांबलचक आडवी पडलीय. उजेड बाजूनं आला, उघड्या शटरमधून. आणि शटर फक्त सकाळी उघडतं. फोटो टेम्पो भरतानाचा आहे. तीन-बारा ही नुसती पाठवल्याची वेळ. लाईट जाण्याची वाट बघत होतास ना, कुणाल? हरवलेला खोका तुझ्या रिटर्नच्या मालातून सकाळीच गेला!"

"मी... फ्लॅश नसेलही मारला..."

"काळोखात फ्लॅशशिवाय फोटो येतो का?"

केसरीनाथशेठ उठले. "टेम्पोवाल्याला फोन लाव. स्पीकरवर."

कुणालच्या हातातून मोबाइल फरशीवर पडला. बाहेर जीप थांबली.

सखीनं भावेशच्या मोबाइलवरचा आपला खोक्याचा फोटो पहिल्यांदाच पाहिला आणि पटकन म्हणाली, "ह्यात पट्टा पेटला न्हाय की! रोजच्या हजेरीच्या फोटूत फ्लॅश मारला की कसा डोल्यांत घुसतो."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" भावेश ओरडलाच.

"मना फोटू दावला कुनी?"

भावेशनं मान खाली घातली. तो फोटो दुपारपासून त्याच्या खिशात होता.