पांढऱ्या वड्या

गेंट शहरातल्या एका प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर सकाळी नऊला बंद पडला. दुरुस्तीसाठी फोन करून अर्धा तास झाला, तसे आतले डबे छातीशी धरून तिथली संशोधक लिझेलोट खालच्या मजल्यावरच्या फ्रीजरकडे न्यायला जिन्याकडे धावली, ती थेट वर येणाऱ्या माणसावर आदळली. फ्रीजर दुरुस्त करायला आलेला वानेस. सायकलवरून भिजत आला होता, केसांतून पाणी गळत होतं. त्यानं एकही डबा पडू दिला नाही... बोटं मात्र जरा जास्तच वेळ तिच्या बोटांना टेकून राहिली.

दुरुस्ती करता करता त्यानं विचारलं, इतकं जपण्यासारखं आहे तरी काय? तिनं सांगितलं, आरएनएपासून केलेलं औषध. गारव्याबाहेर दुधासारखं नासतं. म्हणून ती ते साखरेच्या पाण्यात गोठवून वाळवत होती. बाटलीच्या तळाशी कोरडी पांढरी वडी उरली की ते साध्या कपाटातही टिकेल, वीज नसलेल्या दवाखान्यातही.

"म्हणजे तुम्ही जिंकलात की माझी नोकरी गेली."

"तोवर तरी नीट काम करा," ती म्हणाली.

मग वानेस या ना त्या निमित्तानं येऊ लागला. कधी दाराची रबरी पट्टी तपासायला, कधी गेंटमध्ये मिळणाऱ्या, नाकाच्या आकाराच्या जांभळ्या गोड गोळ्यांची पुडी घेऊन. तो यायचा असला की लिझेलोट केस नीट करायची — आणि हे स्वतःशीही कबूल करायची नाही.

पण वड्या काही जमेनात. दर खेपेला एका कोपऱ्यातल्या बाटल्यांत त्या चिकट होऊन बसत. डिसेंबरपर्यंत जमलं नाही तर काम बंद, असं विभागप्रमुख बाईंनी सांगून टाकलं. त्या दिवशी लिझेलोटनं ते वानेसला सांगितलं. वानेसनं वाळवणयंत्राला कान लावला, आणि पुढचे चार दिवस जेवणाची सुट्टी यंत्राच्या पोटात डोकं घालून काढली. बाटल्या ठेवायच्या फळीतून गार तेल फिरवणारी नळी एका टोकाला तुंबली होती. तेवढाच कोपरा दोन अंशांनी गरम राहत होता. त्यानं ती नळी साफ केली.

सप्टेंबरातल्या खेपेत सगळ्या वड्या कोरड्या, ताठ उभ्या राहिल्या. तीन महिने त्या वड्या उबदार खोलीत ठेवल्या. डिसेंबरात लिझेलोटनं एकीत पाणी घालून ते पेशींवर सोडलं. चाचणीच्या या आरएनएत हिरवं चमकणारं प्रथिन बनवायची सूचना होती; औषध शाबूत असेल तर पेशी हिरव्या चमकणार होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि लगेच वानेसला फोन लावला.

"कुठला बिघडलाय?" अवजारांची पिशवी घेऊन आलेल्या वानेसनं विचारलं.

"कुठलाच नाही. आधी हे बघा."

त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी हिरव्या चमकत होत्या.

"छान झालं," तो हळूच म्हणाला. "पण मग... मला इथं यायला निमित्त काय उरलं?"

"निमित्त कशाला हवं?" लिझेलोटचे कान लाल झाले. "नुसता ये ना... मला आवडतोस तू."

संध्याकाळी दोघं लाये नदीच्या काठानं चालले होते. पाऊस भुरभुरत होता. त्यानं तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला.

"किती गार आहे गं हात तुझा."

"सवय आहे मला," ती म्हणाली. "तू सोडू नकोस म्हणजे झालं."