गच्चीवरची रोझमेरी

“सावलीत तरी सोडा की तो स्कार्फ… गुदमरत नाही का?”

चैतालीचा हात झटकन गाठीकडे गेला. विजापूर रोडवरच्या त्या नर्सरीत ती पहिल्यांदाच आली होती, आणि पाण्याची नळी धरून उभा असलेला तो तरुण तिच्याकडे बघून हसत होता.

“नको. सवय आहे,” ती कशीबशी म्हणाली. “रोझमेरी आहे?”

मार्च महिना होता. सोलापूरच्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोक्यातोंडाला स्कार्फ गुंडाळते, त्यात तिचा स्कार्फ कुणाला खटकत नव्हता. पण त्याखाली तिच्या डोक्यावर चाई पडली होती. आधी रुपयाएवढी, मग वाटीएवढी… डॉक्टर म्हणाले होते, केस येतील, कदाचित येणारही नाहीत. रोझमेरीच्या पाण्याने येतात असं मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, म्हणून ती इथवर आली होती.

त्याचं नाव संगमेश. नर्सरी त्याचीच. त्याने कुंडीत माती आणि वाळू मिसळून रोप लावलं.

“माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही. जास्त लाड केले की मरतंय हे. आणि दर आठ दिवसांनी मला दाखवायला आणायचं.”

“दर आठ दिवसांनी?”

“मग! लई नाजूक असतं.”

ती आणत राहिली. स्कूटीवर पायांशी कुंडी ठेवून, दर रविवारी. एकदा त्याने कुंडी फिरवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“एवढं कुणी ओरबाडलं याला?”

“मी… बटाट्यांत घालते,” तिने थाप मारली.

“रोज?”

“रोज.”

“मग आम्हालाही खाऊ घाला की एकदा!”

पुढच्या रविवारी तिने खरंच डबा नेला. तो खाता खाता तिच्याकडे एकटक बघत राहिला. तिचे गाल तापले… आणि त्याच क्षणी मनात धस्स झालं. स्कार्फ सरकला तर नाही ना?

ऊन होतं तोवर बरं होतं. जूनमध्ये आभाळ भरून आलं, बाकी मुलींचे स्कार्फ डिकीत गेले. तिचाच तेवढा राहिला. ऑफिसात कुणी मागून गेलं तरी तिचे खांदे आखडायचे. रात्री आरशासमोर बसून ती चाईवर बोट फिरवायची. वाढली का? वाढलीच वाटतं…

ऑगस्टमधल्या एका रविवारी कुंडी परत देताना संगमेशची बोटं तिच्या बोटांवर थांबली.

“एक खोटं बोललोय मी,” तो हळूच म्हणाला. “हे झाड कुणाला दाखवायला आणावं लागत नाही. मलाच तू… तुम्ही यायला हव्या होत्या.”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी अशी मोकळी हसली.

“पुढच्या रविवारी अक्कलकोटहून आई येतीय. भेटशील तिला? आणि एकदा… केस मोकळे सोडून ये की. बघायचेत मला.”

तिने कुंडी ओढून घेतली आणि स्कूटीकडे वळली.

त्यानंतर ती गेलीच नाही. फोन वाजला की उपडा ठेवायची. कुंडीत मात्र भीतीपोटी दिवसातून तीनदा पाणी ओतायची. रोझमेरीचे शेंडे काळे पडले, पानं गळायला लागली. तीन आठवडे असे गेले.

चौथ्या रविवारी सकाळी ती गच्चीवर एकटीच होती, बोडक्या डोक्याने. खालून तिच्या आईचा, विजयमालाबाईंचा, आवाज आला, “वरच आहे ती. जा.” आणि जिन्यावर पावलं वाजली.

स्कार्फ दोरीवर होता, हाताच्या अंतरावर. तिने तो ओढला. बांधायला गेली, पण गाठ बसेना. आणि मग एकाएकी तिला या सगळ्याचाच कंटाळा आला. किती दिवस घाबरायचं? तिने हात खाली घेतले.

संगमेश वर आला. त्याच्या हातात नवी रोझमेरी होती. तो जागीच थांबला. तिच्या डोक्याकडे बघत राहिला… बघतच राहिला.

“दुखतं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू निघून जाशील म्हणून…”

त्याने कुंडी खाली ठेवली. “तीन आठवडे मला वाटतंय, मी काहीतरी वाईट बोलून बसलो. आणि खरंच बसलोय की. केस मोकळे सोडून ये, म्हणे…”

“ते परत येतील की नाही, माहीत नाही संगमेश. अजूनही जातील.”

“जाऊ दे. तू नको जाऊस.”

तिचे डोळे भरून आले. तो चाचरत पुढे म्हणाला, “आई खाली रिक्षात बसलीय. स्टँडवर सोडायला निघालोय. मागच्या वेळी तुझी वाट बघून बघून परत गेली. आज नको वाटत असेल तर… नको.”

चैतालीने दोरीवर स्कार्फ टाकला आणि जिना उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटत होतं.

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. आत त्याची आई, महादेवीबाई, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांची नजर आधी चैतालीच्या डोक्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“बा यव्वा,” त्या म्हणाल्या.

चैतालीला कानडी येत नव्हतं. पण महादेवीबाई पिशवी उचलून पलीकडे सरकल्या होत्या, आणि शेजारच्या जागेवर हाताने थोपटत होत्या.