अकरा पावत्या

अकरा पावत्या टेबलावर ओळीने मांडून होईपर्यंत वकिलांचं बिस्किट चहाच्या तळाशी गेलं होतं.

मोफत कायदा मदत केंद्राच्या या खोलीत ते नऊ वर्षं पोटगीच्या केसेस पाहत होते. समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं असा त्यांचा समज होता. तो त्यांना आजवर बराच महागात पडला होता, पण सुटत नव्हता.

समोर बसलेली आई शर्टांच्या कारखान्यात मशीनवर कॉलर शिवायची.

"साहेब, एक पैसा मिळालेला नाही मला. लेकीची शपथ."

"मग या सह्या?"

तिने एकेक पावती डोळ्यांजवळ नेली. "सह्या माझ्या सहीसारख्याच दिसतात," ती हळूच म्हणाली. "पण मी केलेल्या नाहीत."

वकिलांनी कपाळाला हात लावला. घटस्फोटाचं मुख्य प्रकरण दर महिन्याच्या तारखांनी चालूच होतं. त्यातच पोटगी येत नाही म्हणून अर्ज त्यांनीच लावला होता. दर महिन्याला रडगाणं गाण्यापेक्षा सगळे महिने एकदम मांडले की वजन पडतं, ही त्यांची पद्धत. बापाने उत्तरादाखल शांतपणे अकरा पावत्या ठेवल्या. हस्ताक्षरतज्ज्ञाने सह्या जुळतात म्हणून लिहून दिलं. आणि लगोलग बापाचा दुसरा अर्ज आला: जी आई शपथेवर खोटं बोलते, तिच्याकडे नऊ वर्षांची मुलगी ठेवू नये. निकाल शुक्रवारी. आज मंगळवार.

"मुलगी गेली तर मी..." मुदतीच्या अर्जावर सही करायला आईने पेन उचललं. कॉलरचे चार-चार थर दाबून तिची बोटं लाकडासारखी झाली होती. सही कागदातून उतरून खालच्या पॅडवर उमटली. त्या पॅडवर तिच्या आधीच्या सह्यांचेही चरे होते.

खिडकीशी बसलेल्या बाईंनी तो पॅड बोटाने चाचपून पाहिला. एका विमा कंपनीत पंचवीस वर्षं खोट्या दाव्यांचा छडा लावून बाई आता खासगी तपास करत. सगळे त्यांना बाईच म्हणत. आडनाव विचारायची छाती कोणाची झाली नव्हती. वकील अडले की त्यांना बोलावत, म्हणजे जवळजवळ दर महिन्याला.

कोपऱ्यात खेळण्यांचं कपाट होतं. मुलगी तिथे मांडीवर चित्रकोड्याचा खोका घेऊन बसली होती. खोक्याला सुतळी बांधलेली, गाठ घट्ट.

"अगं, तो कशाला घेतेस?" वकील म्हणाले. "निम्मे तुकडे हरवलेत त्यातले. कोणी हात लावत नाही त्याला."

"मला माहितेय."

स्टूल ओढून तिने खोका सगळ्यात वरच्या फळीवर सरकवला. वकिलांनी तिला बिस्किट दिलं आणि बिस्किटाबरोबर नऊ वर्षं प्रत्येक लेकराला ऐकवलेलं तेच वाक्यही दिलं. "काळजी करू नको हं बाळ. पैशांचं मिटलं की केस बंद. मग इथे यायलाच नको."

मुलीने बिस्किट घेतलं, खाल्लं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये एकच बाक होता. बाप एका टोकाला बसला होता. आई दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मुलगी मधे. दोन्ही तळवे बाकावर पसरून ती अशी बसली होती, की कोणी उठून गेलं तर तिला आधी कळावं.

"ही आज कितवी तारीख गं?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"चौदावी," मुलगी क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

*

बाप ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. संसारात ती सोय नव्हती. शिकाऊ माणसाला उतरवून तो बोनेटला टेकला.

"पैसे रोख कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"माझे वकील म्हणाले, सही घे, सहीसारखं काही नाही. मी तर आता चहावाल्याकडूनही पावती घेतो."

"दिले कोणाच्या हातात?"

"पहिल्या रविवारी मुलगी माझ्याकडे असते. संध्याकाळी सोडायला जातो तेव्हा पाकीट वर पाठवतो, आत कोरी पावती. पुढच्या आठवड्यात ती शाळेबाहेर भेटते तेव्हा पावती सही होऊन येते. मी जिना चढत नाही. दाराशी यायचं नाही, बोलायचं नाही, अशी नोटीसच दिलीय मला." त्याने वकिलांकडे मान वळवली. "या साहेबांनी."

वकील रस्त्यावरची रहदारी पाहू लागले.

"मी मूर्ख असेन, बाई, चोर नाही. हे एकदा संपलं की मी जातो. माझ्या भावाने दुसऱ्या शहरात स्कूल काढलंय, दोन वर्षं बोलावतोय. त्या बाकावर बसून कंबर गेली माझी."

बाईंनी त्याचं पावतीपुस्तक मागून घेतलं आणि स्थळप्रती उलटल्या. शिकाऊ लोकांच्या फीच्या पावत्या आणि त्यांत दर महिन्याला एक पोटगीची. क्रमांक विखुरलेले, तारखा चढत्या.

"म्हणजे एका बैठकीत बसून केलेला उद्योग नाही हा," त्या म्हणाल्या.

*

आई आणि मुलगी मामाकडे राहत. मामा वायरमन. दोन खोल्या, पाच माणसं आणि एक कोरा करकरीत फ्रिज. फ्रिज पाहताच वकिलांच्या चेहऱ्यावर उजाडलं.

"हा कुठून आला?"

"हप्त्यावर! कागद दाखवू? बायको म्हणाली, दूध नासतं. तुमच्या घरी नासत नाही का?" मामा भडकला. "रविवारी मी साईटवर असतो. पाकीटबिकीट पाहिलेलं नाही. आणि पाहिलं असतं तर ठेवलं कुठे असतं? या घरात माणशी एक फळी आहे, मोजून. काही लपवायचं तर गिळावंच लागेल."

"बहिणीची सही येते तुम्हाला?"

"मला माझी येत नाही दोनदा सारखी. बँकेतला माणूस हसतो."

बाई हसल्या नाहीत. "बहीण घरी कधी असते?"

"सातला जाते, रात्री आठला येते, जेवताना डुलक्या काढते. पोरीचं सगळं पोरगीच बघते. डबा, दप्तर, डायरी. गुणी आहे हो. कधी काही मागत नाही."

जिना उतरताना वकील कुजबुजले, "फार बोलतो हा. चोरच बोलतो एवढं."

"मग तुमचा धंदा करणाऱ्या सगळ्यांना आत टाकावं लागेल," बाई म्हणाल्या.

*

कारखान्यात सुपरवायझरने हजेरीपट काढला. रोज आत येताना सही. बाईंनी पानं मागे नेली. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आईच्या नावापुढे सही नव्हती, निळा ठसा होता.

"डाव्या अंगठ्याचा," सुपरवायझर म्हणाला. "उजव्या हाताच्या बोटातून सुई आरपार गेली होती. पट्टी बांधूनसुद्धा कामाला यायची, धागे कापायला. पेन धरवत नव्हतं."

बाहेर पडताच वकिलांनी टाळी वाजवली. "मार्चची पावती खोटी! मामा अडकला!"

"वकीलसाहेब, तज्ज्ञाला नमुन्याच्या सह्या कोणत्या दिल्या होत्या?"

"मुलीची प्रगतिपुस्तकं. आईनेच आणून दिली. मीच म्हटलं, घरात सहीचं असेल ते आण."

"त्यांत मार्चचंही होतं?"

"होतं की. सगळी होती." वकील चालता चालता थांबले. काहीतरी चुकतंय एवढं त्यांना जाणवलं. काय, ते मात्र नेहमीप्रमाणे उशिरा कळणार होतं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती, आणि त्यानेच वकील घाबरले.

*

शुक्रवारी सकाळी केंद्राच्या खोलीत आई, बाप आणि मामा तीन भिंतींना तीन खुर्च्या टाकून बसले. काचेच्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. त्यावर मुलगी एकटीच होती, मधोमध.

"या खोलीत कोणीही खोटं बोललेलं नाही," बाई म्हणाल्या. "इथेच सगळे फसलो. पैसे दिले, हे खरं. मिळाले नाहीत, हेही खरं."

"मग सह्या?" बाप म्हणाला.

बाईंनी मार्चची पावती उलटी करून वकिलांच्या हातात दिली. "मागून बोट फिरवा. सपाट. आता तुमचा पॅड चाचपा. ही आई सही करते ती कागद फोडून. अकरांपैकी एकाही पावतीवर चरा नाही. शिवाय मार्चमध्ये तिच्या बोटाला पट्टी होती."

"पण तज्ज्ञ..."

"तज्ज्ञाने चोख काम केलं. ज्या हाताने पावत्यांवर सह्या केल्या, त्याच हाताच्या सह्या आपण त्याला नमुना म्हणून दिल्या. मार्चच्या प्रगतिपुस्तकावरही सही आहे." त्या आईकडे वळल्या. "लेकीचं शेवटचं प्रगतिपुस्तक तुम्ही स्वतः कधी पाहिलंत?"

आईने दाराच्या काचेतून बाकाकडे पाहिलं.

"शाळेला रोज डायरीवर पालकांची सही लागते. आई दमून येते. तिला उठवायचं नाही म्हणून एका लेकराने सही शिकून घेतली. चांगली शिकली. पुढे पाकीट 'वर' जायला लागलं, तेव्हा जिना चढणारं माणूस एकच होतं. तुम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी होती."

मामा उठला. "नऊ वर्षांची पोर! पैसे काय केले तिने? घरात तर..."

"घरात लपवायला जागा नाही, तुम्हीच म्हणालात. दप्तरातून तारखेच्या दिवसापर्यंत नेता येतं, त्यापुढे कुठे? ती एकटी बसते अशी जागा एकच. वकीलसाहेब, स्टूल घ्या."

वकिलांनी वरच्या फळीवरचा खोका खाली घेतला. गाठ सुटेना, शेवटी आईने दातांनी तोडली. चित्राच्या मूठभर तुकड्यांखाली अकरा पाकिटं होती. नोटा जशाच्या तशा. प्रत्येकावर पेन्सिलीने एक आकडा: तिसरी तारीख, चौथी, पाचवी.

बापाने एक पाकीट उचलून उलटंपालटं केलं. "पण का?" तो म्हणाला. "मागितलं असतं तर मी काय..."

"तिला पैसे नकोच होते. या इमारतीत पहिल्या तारखेपासून तिला एकच गोष्ट सांगण्यात आली होती. पैशांचं मिटलं की केस बंद, मग इथे यायलाच नको." बाईंनी वकिलांकडे पाहिलं नाही, हीच त्यांची दया. "आणि तुम्ही तिघं एका ठिकाणी बसता अशी जगात आता एकच जागा आहे. ती बाहेर आहे. तिने पैशांचं मिटू दिलं नाही."

वकिलांनी बिस्किटांचा डबा ड्रॉवरमध्ये ठेवला. झाकण नीट लागेना. बोलायचं नाही अशी नोटीस त्यांची. अकरा महिने थांबायची पद्धत त्यांची. बिस्किटाबरोबरचं वाक्यही त्यांचंच.

आई एकदम उभी राहिली. "साहेब, मी सांगते मीच घेतले. सह्या माझ्याच. जज्जसाहेबांपुढे तिला उभी करायची नाही. चोर म्हणायचं नाही तिला कोणी."

"मग मुलगी यांच्याकडे जाईल," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे. तिला चोर म्हणू नका."

बापाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "बस," तो म्हणाला. खूप दिवसांनी तो थेट तिच्याशी बोलत होता. "बस खाली. मी माझा अर्ज मागे घेतो. तुझाही घे. पोरीचं नाव कुठे येणार नाही."

*

कोर्टात दहा मिनिटं लागली. पावत्यांबाबत गैरसमज झाला, रक्कम पोचली, दोन्ही अर्ज मागे. मुलगी आईकडे राहील. मुख्य प्रकरणातही दोघांनी तडजोडीवर सह्या केल्या. आईच्या सहीने कागद फाटता फाटता राहिला. पुढची पोटगी दर महिन्याला थेट बँकेत जाईल, म्हणजे कोणालाच कोणाकडे जावं लागणार नाही. नऊ वर्षांत वकिलांची एवढी स्वच्छ निकाली निघालेली केस नव्हती.

ते बाहेर आले. आई बाकाच्या एका टोकाला बसली. बापही सवयीने दुसऱ्या टोकाला बसला. मुलीने दोघांच्या मधे तळवे पसरले.

"मी येत जाईन हं," बाप म्हणाला. "तिकडून गाडी आहे. सुट्टी मिळाली की येईन."

मुलीने मान डोलावली. मग तिने दप्तरातून पेन्सिल काढली, डायरीचं शेवटचं पान उघडलं आणि वर पाहिलं. बापाकडे नाही, आईकडे नाही. वकिलांकडे. तारखा तेच सांगत असत.

"काका, पुढची तारीख कोणती?"